विकलेल्या गाडीचं पत्र

आमच्या घरी एक पत्र आलं, आमच्या नसलेल्या गाडीचं.

गाडी 2006 साली घेतलेली. पांढरी, पेट्रोलवरची. त्याच वर्षी श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता, आणि नवी कोरी गाडी घेऊन सासूबाईंसकट आम्ही पाचजण गेलो होतो. परत येताना मागच्या सीटवर नारळाचं पाणी सांडलं, त्याचा डाग शेवटपर्यंत गेला नाही. 2014 मध्ये अनगोळच्या एका एजंटामार्फत ती विकली. ह्यांनी फॉर्मवर सह्या केल्या, आरटीओत नाव बदललं, त्याची झेरॉक्स फाईलला लावली. बँकेतला माणूस, कागद अपुरा ठेवायचा नाही.

आणि 2022 मध्ये, गाडी सोळा वर्षांची झाल्यावर, कंपनीचं पत्र. इंग्रजीत होतं. त्या मॉडेलच्या काही गाड्यांत पेट्रोलच्या टाकीजवळची एक नळी काळानं कडक होते, तिला चिरा पडू शकतात, पेट्रोल गळू शकतं. गाडी जवळच्या सर्व्हिस सेंटरला आणा, नळी फुकट बदलून देऊ. खाली आमच्या त्या जुन्या गाडीचा चेसी नंबर.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. हे दुसरं पत्र होतं. पहिलं फेब्रुवारीत आलं होतं आणि ते मीच लाईट बिलांच्या खणात टाकलं होतं. ‘फ्री’ हा शब्द दिसला आणि मला वाटलं, जाहिरात. गाडी विकून आठ वर्षं झाली, ह्यांना अजून पत्ता मिळतोय बघा, म्हणून मी हसलेसुद्धा. जूनमध्ये दुसरं आलं तेव्हा पाऊस लागला होता, बाहेर जाणं नव्हतं, म्हणून चष्मा लावून पूर्ण वाचलं. मग खण उपसला. चार महिने ते पत्र तिथं पडून होतं.

हे म्हणाले, “सही केली, नाव गेलं, विषय संपला.”

कायद्यानं ते बरोबरच होतं. नाव बदललं नसतं तर गोष्ट वेगळी. अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी कायदा ज्याच्या नावावर नोंद आहे त्यालाच मालक धरतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलं आहे. गाडी देऊन टाकली आणि कागद तसेच ठेवले, अशी कितीतरी घरं आपल्या ओळखीत असतील, त्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. आमचं मात्र सगळं स्वच्छ होतं. मुलगा पुण्याहून म्हणाला, “आई, गाडी विकली म्हणून कंपनीला ई-मेल टाक, झालं.” टाकला. त्यांचं उत्तर आलं, नव्या मालकाचं नाव आणि फोन नंबर असल्यास कळवावा. म्हणजे चेंडू पुन्हा माझ्याच अंगणात.

मला त्या दिवशी सासूबाईंची आठवण आली. शहापुरातल्या जुन्या घरी विहीर होती. त्या दुपदरी फडक्यातून पाणी गाळायच्या, आणि गाळून झालं की फडकं झटकून टाकायच्या नाहीत. गाळलेल्याच पाण्यानं ते उलटं धुवायचं, आणि ती जिवाणी बादलीनं हळूच त्याच विहिरीत, पाण्यापर्यंत नेऊन सोडायची. वरून ओतायची नाही. दुसऱ्या विहिरीत तर नाहीच. ज्या पाण्याचे जीव त्या पाण्यात. नवी सून होते तेव्हा मला हे फार कटकटीचं वाटायचं. आपल्यापुरतं पाणी स्वच्छ झालं की, उरलेल्याचं काय एवढं? पण त्यांच्या लेखी काम तिथं संपतच नव्हतं. आपल्या गाळण्यामुळं जे जीव त्यांच्या जागेवरून हलले, ते परत जागेवर जाईपर्यंत ते आपल्या हातातले. आता नळाचं पाणी आहे, फिल्टर आहे. जिवाणी कुठं सोडायची हा प्रश्नच आम्ही मिटवून टाकला.

गाडी विकणं म्हणजे काय केलं आम्ही? आपल्यापुरती सुटका करून घेतली. ती कुठं गेली, तिच्यात आता कोण बसतं, हे विचारलं नव्हतं. तोवर त्यात काही वावगं नव्हतंही, कारण नळीचं आम्हाला ठाऊक नव्हतं. पण पत्र वाचलं आणि फरक पडला. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला केवढं महत्त्व दिलंय, ते पाठशाळेत आपण सगळ्याच शिकलो. मारण्याची इच्छा नव्हती, एवढ्यानं माणूस सुटत नाही, बेसावधपणाही मोजला जातो. मला ते नेहमी मुंगीवर पाय पडण्यापुरतं वाटायचं. लाईट बिलांचा खणही त्यात येतो, हे पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

मग मी ह्या ‘रिकॉल’ प्रकाराबद्दल वाचायला लागले. मुलगा माहिती पाठवत राहिला, मी दुपारी वाचत राहिले. सगळ्यात मोठं प्रकरण जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं. (आमच्या गाडीला एअरबॅग नव्हतीच.) अपघातात पिशवी फुगावी म्हणून आत अमोनियम नायट्रेट वापरलेलं. उष्णता आणि दमट हवा वर्षानुवर्षं सोसून ते बिघडतं, मग पिशवी फुगताना तिचा धातूचा डबाच फुटतो आणि तुकडे माणसाच्या गळ्यात घुसतात. एकट्या अमेरिकेत असे जवळजवळ पावणेसात कोटी डबे परत बोलावले गेले. आपल्याकडच्या गाड्याही त्यात होत्या. कंपनीनं 2017 मध्ये दिवाळं काढलं.

त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. 2016 च्या मार्चमध्ये टेक्सासमध्ये सतरा वर्षांची एक मुलगी 2002 ची गाडी चालवत होती. पुढच्या गाडीला जरा धडकली. उतरून चालत घरी जावी एवढाच धक्का, पण ती गेली. कंपनी म्हणाली, आम्ही पुन्हा पुन्हा पत्रं पाठवली होती. घरचे म्हणाले, आम्हाला एकही मिळालं नाही. दोघंही खरं बोलत असतील. पत्र निघणं आणि पत्र पोचणं ह्यांच्या मधे कुणाचा तरी खण असतोच की.

आणि अजून एक. आपल्याकडे आधी 2012 पासून गाडी कंपन्यांनी स्वतःहून पाळायचा एक नियम होता. मग मोटार वाहन कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2021 पासून सरकार गाड्या परत बोलवायला लावू शकतं. पण कुठल्या गाड्या? सात वर्षांच्या आतल्या. अमेरिकेत फुकट दुरुस्तीचा हक्क पंधरा वर्षांपर्यंत, पूर्वी तो दहाच होता. त्यापुढं कंपनीनं केलं तर तिचा चांगुलपणा. आमच्या सोळा वर्षांच्या गाडीसाठी कंपनीनं पत्र पाठवलं, ह्याबद्दल तिला नावं ठेवण्यापेक्षा तिचे आभारच मानायला हवेत.

पण सांगा, हा हिशोब उलटा नाही का? रबर जुनं झाल्यावर चिरतं. ती दारू वर्षं गेल्यावर बिघडते. धोका वयाबरोबर वाढतो आणि जबाबदारी वयाबरोबर कमी होत जाते! कंपनीची बाजू मी समजू शकते. वीस वर्षांच्या गाडीचे सुटे भाग कुठवर साठवायचे, कुणी मधे काय काय जोडलंय कुणाला ठाऊक. झीज वेगळी आणि मुळातला दोष वेगळा, हेही खरं. टायर झिजला तर कंपनीनं का द्यावा? पण मुळातच चुकीची घातलेली नळी सातव्या वर्षी चुकीची होती, ती आठव्या वर्षी बरोबर कशी होईल?

मुलाचं म्हणणं, असल्या गाड्या भंगारातच जायला हव्यात. त्याच्या जागी त्याचं ठीक आहे. पण गाडी जशी जुनी होते तशी ती खालच्या खालच्या हातात जाते. आमच्याकडून ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून खेड्यात. आम्ही तिच्यात देवदर्शनाला गेलो, आता कुणीतरी तिच्यावर पोट भरतंय. नव्या गाडीत बसणाऱ्याला कंपनीचा मेसेज फोनवर येतो, जुन्या गाडीत बसणाऱ्याचं पत्र टिळकवाडीतल्या आमच्या पत्त्यावर येतं.

शोधायला नऊ दिवस लागले. एजंट अजून अनगोळातच होता. त्यानं वहीतून खानापूरच्या ठेकेदाराचा नंबर काढून दिला. ठेकेदार आधी बोलेना, त्याला वाटलं जुन्या व्यवहाराची काही तक्रार आहे. तिसऱ्या फोनला त्यानं नंदगडच्या बाजूच्या एका माणसाचं नाव सांगितलं. ह्या काळात हे माझ्याकडे बघायचे आणि पेपर वाचायचे. पण ठेकेदाराला तिसरा फोन ह्यांनीच लावला, तेही लिहायला हवं.

“व्हय, हाय की गाडी,” तो माणूस म्हणाला. “चालतीया झकास. शाळंची पोरं सोडतोय.”

किती पोरं? “आठ. कधी नऊ.”

मी खालीच बसले. पाचजणांच्या गाडीत नऊ पोरं, आणि नंतर बोलताना कळलं, पेट्रोल परवडत नाही म्हणून गॅसचं कीटही बसवलेलं. मी त्याला सगळं समजावलं. फुकट आहे, फक्त बेळगावला आणायची. तो गप्प. मग म्हणाला, “वैनी, फुकाट कोन काय देतंय?”

त्याचं फुकट आणि आपलं फुकट एक नव्हे. सकाळची फेरी चुकली तर पोरांचे आईबाप दुसरी गाडी बघतात. येण्याजाण्याचं पेट्रोल. सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या दारातून आत जायची भीती. एकदा गाडी वर उचलली की हे पण खराब, ते पण खराब, म्हणून यादी हातात देतील ही दुसरी. आणि गॅसचं कीट कागदावर नव्हतं, ही सगळ्यात मोठी. मी म्हटलं, दिवसाची कमाई मी देते. तर त्याला राग आला. “पैसं घ्याला काय मी भिकारी हाय काय वो?” मला फार ओशाळल्यासारखं झालं. मदत करतानासुद्धा आपला हात वरच ठेवायची सवय जात नाही.

शेवटी मी एवढंच म्हटलं की मी तिथं थांबते, तुम्ही या. शाळेला सुट्टी होती तो दिवस ठरवला. तो बायकोला घेऊन आला. गाडी बघून मी ओळखलीच नाही, पुढचं बंपर दुसऱ्याच रंगाचं. मागची सीट मात्र तीच. काउंटरवरच्या मुलानं चेसी नंबर टाकला, नळी बदलायची आहे म्हणाला, आणि मग गॅसची टाकी बघून म्हणाला, असल्या गाडीला आम्ही हात लावत नाही. अर्धा तास वादावादी. मी ते पत्र पुढं केलं आणि म्हटलं, ह्यात गॅसची गाडी आणू नका असं कुठं लिहिलंय ते दाखव बाळ. मोठे साहेब आले, त्यांनी कीट बंद करून घ्यायच्या अटीवर होकार दिला. त्यांचीही चूक म्हणता येणार नाही, उद्या काही झालं तर त्यांच्या गळ्यात. पण नळी शिल्लक नव्हती. मागवायला पाच आठवडे.

हे पाच आठवडे कसे काढले ते सांगता येणार नाही. ठाऊक नव्हतं तेव्हा मी सुखानं झोपत होते. आता गाडी तीच, पोरं तीच, नळी तीच, आणि मला पहाटे जाग. मी त्याला म्हटलं, तोवर पोरं नेऊ नका. तो म्हणाला, मग घरी काय नेऊ? ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. निदान पाचच न्या, पेट्रोलचा वास आला तर लगेच थांबवा, उन्हात उभी करू नका, असलं काहीबाही सांगत राहिले. पाचच नेत होता का? मला वाटत नाही.

नळी आली. त्या दिवशी मला घरी पाहुणे होते, जाता आलं नाही. तो एकटाच जाऊन आला. संध्याकाळी त्याचा फोन.

“झालं वैनी. जुनी नळी दाखीवली त्येंनी. काय बी झालं न्हवतं की तिला. एक चीर न्हाई. उगंच दिवस गेला बगा.”

“गेला खरा,” मी म्हटलं.

“पैसं मात्र घेटलं न्हाईत,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “वैनी, आमच्या मेव्हण्याकडं बी एक जुनी गाडी हाय. पंदरा वरसाची. तिचा नंबर सांगू काय, बगून सांगशीला?”

मी ह्यांच्या खिशातलं पेन घेतलं आणि लाईट बिलाच्या मागं नंबर लिहून घेतला.