धरणे आणि सांगणे

चंडीगडच्या सेक्टर १ मधील ‘उघडा हात’ येथे नेमणुकीवर आलेल्या बहुतेकांनी पाहिला असेल. ल कॉर्बुझिए १९६५ साली वारले. त्यांच्या कल्पनेतले हे २६ मीटर उंचीचे शिल्प उभे राहिले १९८५ साली. हा हात वाऱ्याबरोबर फिरतो. त्याबद्दल त्यास कोणी जाब विचारीत नाही, कारण त्या फिरण्यामागे संकल्प नाही.

मानवी हाताचे तसे नाही. हातातल्या यंत्राच्या पाठीशी असलेली बोटे एरवी ते नुसते धरून असतात. हुकूम सोडतो तो समोरचा अंगठा. २०११ साली सोनीने ‘प्लेस्टेशन व्हिटा’ या खेळयंत्राच्या पाठीवरही स्पर्शफलक बसविला, आणि धरणारी बोटे आज्ञा करू लागली. दृष्टीआडचे बोट सहज टेकले आणि यंत्र हलले, तर ती कृती आमची म्हणावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. हेतूवाचून कर्तृत्व नाही. आणि हेतू ओळखण्याचे ओझे काही अंशी ऐकणाऱ्यावरही पडते. २०२० साली ॲपलने आयफोनच्या पाठीवर दोन किंवा तीन टिचक्या मारल्या तरच काम व्हावे अशी सोय केली. (तेथे स्पर्श नव्हे, हादरा मोजला जातो.) परक्याच्या दारावर थाप मारावी, तशी ही रीत.

कचेरीत ही रीत सर्वांना लागू नसते. साहेबांनी फाईल हाती घेतली म्हणजे मंजुरी दिली, असे कोणी कारकून मानीत नाही. तो सहीची वाट पाहतो. शिपाई मात्र नुसता गप्प उभा राहिला, तरी त्याची रजा त्याच्या संमतीने पुढे ढकलली जाते.