तवक्कुल कुणाच्या पोटावर

कुराणातील ‘ताहा’ या विसाव्या सूरेतील १३२ वी आयत मुळात प्रेषितांना उद्देशून असली, तरी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने ती स्वतःला लावून घ्यावी अशी परंपरा आहे. घरच्यांना नमाजेस लावणे व स्वतःही तीवर टिकून राहणे एवढेच माणसाकडे मागितले आहे, रोजी मागितलेली नाही, ती देणारा ईश्वर आहे, आणि भला शेवट तकव्याच्या वाट्याला येतो, असा तिचा आशय आहे. तकवा म्हणजे ईश्वराचे भान ठेवून स्वतःला आवरण्याची वृत्ती. रिज्क म्हणजे जगण्यासाठी लागणारे, ईश्वराने नेमलेले सर्व काही. आणि ते मिळेलच या भरवशाने आपला कारभार ईश्वरावर सोपवणे म्हणजे तवक्कुल. मात्र हाच धर्म बायकोमुलांच्या अन्नवस्त्राचा भार, ज्याला नफका म्हणतात, पतीवर कायद्याने टाकतो आणि तो टाळणाऱ्याला पापी मानतो. जी रोजी माणसाकडून मागितलेलीच नाही तिच्याबद्दल त्याला जाब कसा विचारला जातो, असा प्रश्न यातून उभा राहतो.

सिल्वासा येथे हा प्रश्न पुस्तकात बंद राहत नाही. १९५४ साली पोर्तुगीज अमलातून सुटलेला आणि १९६१ साली भारतीय संघराज्यात विलीन झालेला, सिल्वासाभोवतीचा दादरा आणि नगर हवेलीचा आदिवासी मुलूख गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत करसवलतींच्या बळावर कारखान्यांचा मुलूख बनला. कृत्रिम धाग्याला उष्णतेने पीळ आणि फुगवटा देणारी टेक्श्चरायझिंगची यंत्रे येथे अहोरात्र चालतात, आणि यंत्र थांबले की माल वाया जात असल्यामुळे पाळी माणसाच्या नव्हे तर यंत्राच्या सोयीने लागते. पुढील संवादासाठी कल्पिलेले पती-पत्नी कोकणातून येथे आलेल्या शाफई घरातील आहेत. शाफई ही सुन्नी मुसलमानांच्या चार विधिशाखांपैकी एक असून कोकणी मुसलमानांत तीच रूढ आहे. पती धाग्याच्या कारखान्यात ऑपरेटर असून त्याच्यापुढे अधिक पगाराची, संध्याकाळी सात ते सकाळी सात अशी कायमची रात्रपाळी ठेवण्यात आली आहे. पत्नी वस्तीतल्या मुलांना घरी कुराण शिकवते.

पतीचा कल नकार देण्याकडे आहे. दिवसाच्या पाळीत निदान रात्रीची इशा आणि पहाटेची फजर या दोन नमाजा घरच्यांसह एकत्र, म्हणजे जमातीने, होतात. रात्रपाळी घेतली तर त्या दोन्ही कारखान्यात जातील आणि वर्षातील बहुतेक दिवस सूर्यास्तानंतरची मगरिबही जाईल, असा त्याचा हिशेब आहे. तिर्मिजींच्या संग्रहातील हदीस, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींची नोंद, तो आधाराला घेतो: ईश्वरावर खरा भरवसा ठेवला तर सकाळी उपाशी निघून संध्याकाळी भरल्या पोटी परतणाऱ्या पाखरांसारखी माणसालाही रोजी मिळेल.

“पण पाखरू घरट्यात बसून राहत नाही,” असे पत्नीचे उत्तर आहे. “सकाळी निघते म्हणूनच ते संध्याकाळी परतते. उंटाला बांधावे की नुसता भरवसा ठेवावा, असे एकाने विचारले, तेव्हा आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असेच त्याला सांगितले गेले, हेही तुम्हीच मुलांना शिकवले आहे.”

यावर पतीने दिलेले उत्तर वाटते तितके लंगडे नाही. काम सोडण्याचा विचार नाही, दिवसाची पाळी चालूच राहणार आहे. उंट बांधलेला आहे, प्रश्न दुसऱ्या दोराचा आहे. तवक्कुलवरच्या पुष्कळ चर्चा आळशी आणि उद्योगी यांचा भेद सांगून थांबतात, आणि कष्ट करणाऱ्याने नेमके कोठे थांबावे, हा अवघड भाग तसाच सोडतात.

पत्नी तेव्हा इमाम गजालींकडे वळते. इ.स. ११११ मध्ये निवर्तलेल्या या तत्त्वज्ञाने ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात तवक्कुलच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर माणूस कसलेल्या वकिलावर ठेवावा तसा भरवसा ठेवतो. दुसरीवर तान्हे मूल आईवर विसंबते तसा विसंबतो. तिसरीवर अंत्यस्नान घालणाऱ्याच्या हातातील प्रेतासारखी त्याची स्वतःची हालचालच उरत नाही. परंतु वरच्या पायऱ्यांचे इतके कौतुक करणारे गजाली संसारी माणसाला वेगळा नियम लावतात. एकट्याने भूक सोसावी, तो त्याचा अधिकार आहे. बायकोमुलांवर ती लादण्याचा अधिकार त्याला नाही, म्हणून कुटुंबवत्सलाचा भरवसा कमावणाऱ्याचा भरवसाच असला पाहिजे. अबू बक्र खलिफा झाल्यावरही कापडाचे गाठोडे घेऊन बाजारात निघाले, आणि घरच्यांनाच वाऱ्यावर सोडले तर इतरांची काळजी काय घेणार, अशा अर्थाचे बोलले, हा दाखला गजाली देतात. पुढे मुसलमानांनी अबू बक्र यांना वेतन बांधून दिले.

“सासूबाईंची औषधे गावी पाठवायची असतात आणि मुलीची फी भरायची असते,” असे पत्नी म्हणते. “भरवसा तुमचा आणि उपास त्यांचा, असे होता कामा नये.”

पती मग ‘तलाक’ या ६५ व्या सूरेकडे येतो. जो तकवा बाळगतो त्याला ईश्वर वाट काढून देतो आणि कल्पनाही नसेल तेथून रोजी पुरवतो, हे तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या आयतीतील आश्वासन घरोघरी पाठ असते, दुकानांच्या भिंतींवर लावलेलेही आढळते. पत्नी त्याला फक्त पुढे वाचायला सांगते. ही सूरा घटस्फोटाच्या नियमांची आहे. सहाव्या-सातव्या आयतीत सोडलेल्या बायकोला राहायला जागा देणे, ती गरोदर असल्यास तिचा खर्च सोसणे, मुलाला पाजल्याचा मोबदला तिला चुकता करणे आणि ज्याची जशी ऐपत तसा त्याने खर्च करणे, हे सारे बंधनकारक केले आहे. म्हणजे अकल्पित रोजीचे आश्वासन, निदान त्याच्या मूळ जागी, दुसऱ्याचा खर्च टाळू पाहणाऱ्यासाठी नाही. दुसऱ्याचे देणे चुकते करताना आपल्याला काय उरेल, या धास्तीने हात आखडणाऱ्यासाठी ते आहे. आयत संदर्भातून सुटी काढून भिंतीवर लावली की हे नेमके निसटते.

येथवर पत्नीची बाजू वरचढ आहे आणि रात्रपाळी घ्यावी असाच कौल निघेल असे वाटते. पण नमाजेचा मुद्दा अजून बाकी आहे. ती स्वतःच सुचवते की शाफई मतानुसार समज आलेला मुलगा वयात येण्याआधीही इमामत, म्हणजे नमाजेचे नेतृत्व, करू शकतो (हनफी या दुसऱ्या विधिशाखेचे मत फर्ज, म्हणजे अनिवार्य, नमाजेत याला परवानगी देत नाही), तेव्हा दहा वर्षांचा थोरला पुढे उभा राहील आणि घरची जमात मोडणार नाही.

“जमात मोडणार नाही, हे कबूल,” असे पती उत्तर देतो. “परंतु सातव्या वर्षापासून मुलांना नमाजेस लावावे, ही हदीस बापाला सांगितलेली आहे, आणि आयतही नुसते सांगून थांबत नाही, स्वतः टिकून राहायला सांगते. फजरच्या वेळी घरात नसलेल्या आणि दुपारच्या जोहरच्या वेळी झोपलेल्या बापाच्या सांगण्याला मुलांनी किती वजन द्यावे? अन्न दुसऱ्याच्या हातूनही पाठवता येते. हे कसे पाठवायचे?”

या मुद्द्याला पत्नीपाशी उत्तर नाही, आणि ते असावे अशी अपेक्षाही रास्त नाही. तिला करता येण्यासारखी एक गोष्ट मात्र ती करते: गजालींचा आक्षेप संमतीविना लादलेल्या भुकेला आहे, तेव्हा आपल्या वाट्याची तंगी ती राजीखुशीने पत्करते. पण तेवढ्याने पेच सुटत नाही. मुलांची संमती कोण देणार? ज्यांच्या नमाजेसाठी पगार सोडायचा, त्यांच्याच शिक्षणावर त्याचा भार पडायचा, आणि दोन्ही बाजूंनी त्यांच्या वतीने बोलणारे आईबापच. आईबापांचा तकवा मुलांच्या नावे खर्च करता येतो काय, याचे सरळ उत्तर कोणत्याही विधिग्रंथात शोधून सापडेल असे वाटत नाही.

मर्यादा कोठे आखावी, याचा धागा मात्र आयतीच्या मागेच आहे. १३२ च्या आधीची १३१ वी आयत इतरांना दिलेल्या ऐहिक शोभेकडे डोळे लावू नयेत असे बजावते. रोजी मागितलेली नाही हे वाक्य या इशाऱ्यानंतर येते, आणि त्यामुळे ते हव्याहव्याशा गोष्टींना लागू होते, औषधांना नव्हे, असे पत्नीचे वाचन आहे. त्याला जोड म्हणून ती बुखारींच्या संग्रहातील आणखी एक नोंद आणते: खुद्द प्रेषित घरच्यांसाठी एका वर्षाचे धान्य बाजूला ठेवत असत, आणि गजालींनीही कुटुंबासाठी वर्षभराचा साठा तवक्कुलच्या विरोधी मानलेला नाही.

“तेव्हा घरच्या वर्षाचा खर्च आधी मांडा,” असे ती म्हणते, “गावचे पैसे, फी, भाडे, सगळे धरून. दिवसाच्या पाळीत तो भागत नसेल तर जितके महिने कमी पडतात तितक्या महिन्यांचीच रात्रपाळी मागा. कायमची देत असतील तर नको म्हणा. नरोलीच्या बाजूला घेऊ म्हणता त्या प्लॉटचे हप्ते मात्र या हिशेबात धरू नका.”

पती प्लॉटबद्दल लगेच काही बोलत नाही. थोड्या वेळाने तो विचारतो की भाडे धरायचे, आणि भाडे कायमचे चुकवणारी जागा धरायची नाही, हे कसे. आणि पत्नीला मान्य करावे लागते की ही रेषा तिला वाटली तितकी ठळक नाही.