लोडवर मोजलेलं

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर अण्णांचं हॉटेल होतं. पहाटेच्या पहिल्या गाडीला चहा तयार हवा, म्हणून त्यांनी बाजारपेठेतल्या बालमित्राच्या दुकानातून पाण्याचा बॉयलर आणला. निम्मे पैसे रोख, निम्मे दिवाळीनंतर. मागच्या पट्टीवर छापलेलं होतं : २३० व्होल्ट, ३००० वॉट.

थोड्याच दिवसांत कटकट सुरू झाली. बॉयलर लावला की गल्ल्यावरचा बल्ब मंदावायचा, आणि गर्दीच्या वेळी कुठून तरी जळकट वास यायचा. अण्णांनी एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॉयलरची पिन काढली, सॉकेटमध्ये मीटरच्या सुया घातल्या. २३० व्होल्ट.

"लाइन ओके आहे, अण्णा. फ्यूजसुद्धा उडत नाही. बॉयलरच जास्त करंट खेचतोय."

अण्णांना तेवढं पुरलं. ते तडक दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोरच मित्राला म्हणाले, "तीन हजार वॉट लिहून पाच हजारांचा डबा गळ्यात मारलास. राहिलेले पैसे विसर आता." मित्राने बॉयलर परत आणून तपासायची तयारी दाखवली, पण अण्णांनी ऐकून घेतलं नाही. त्या दिवसापासून हॉटेलात चहा प्यायला बसणाऱ्या प्रत्येकाला ही फसवणुकीची हकिकत ऐकावी लागे. छोट्या गावात दुकान भांडवलापेक्षा शब्दावर जास्त चालतं. त्या दुकानात गिऱ्हाईक आता वस्तू दोनदा उलटून पाहू लागलं.

वास वाढला तेव्हा अण्णांनी बापू वायरमनना निरोप धाडला. बापूंबरोबर त्यांची भाची आली. ती आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला होती.

"मामा, पिन काढून नको मोजायला," ती म्हणाली. "बॉयलर चालू ठेवूनच बघू."

बापूंनी हॉटेलातलं बाकी सगळं बंद केलं आणि बॉयलर तेवढा लावला. पोरीने टाँगटेस्टर काढला. त्याच्या जबड्यात दोन्ही तारा एकदम धरल्या तर जाणारा आणि परतणारा करंट एकमेकाला खोडतो आणि काटा शून्यावर राहतो. म्हणून तिने फेजची तार सुटी करून एकटीच धरली. साडेबारा अँपिअर. मग बॉयलरच्या टर्मिनलवर व्होल्टेज पाहिलं : २२०. त्याच वेळी बापूंनी मीटरच्या बोर्डावर पाहिलं : २३०.

बिलाच्या कागदामागे तिने मांडणी केली. २२० भागिले १२.५, म्हणजे बॉयलरचा रोध १७.६ ओहम. २२० गुणिले १२.५, म्हणजे २७५० वॉट. पट्टीवरच्या आकड्यांचा हिशेबही शेजारी लिहिला : ३००० भागिले २३० म्हणजे १३ अँपिअर, आणि २३० ला त्याने भागलं की रोध पुन्हा १७.६ च्या जवळच येतो.

"अण्णा, बॉयलर लिहिलाय तसाच आहे. उलट त्याला पुरेशी वीज पोचतच नाही, म्हणून तो कमीच घेतोय. मधले दहा व्होल्ट बोर्डापासून इथपर्यंतच्या वाटेत जातात. दहा गुणिले साडेबारा, सव्वाशे वॉट. ते तुमच्या भिंतीत तापतायत."

"मग त्या माणसाला २३० कसे दिसले?"

"करंट वाहत नसला की वाटेत काही गळत नाही. कितीही खराब जोड असो, पलीकडे पूर्ण व्होल्टेज दिसतं."

हा चकवा फार जुना आहे. जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली आपला नियम पुस्तकात मांडला, त्याआधी प्रयोगांत त्यालाही हाच त्रास झाला होता. करंट सुरू झाला की त्याच्या बॅटरीचा दाब घसरायचा आणि आकडे जुळायचे नाहीत. शेवटी त्याने बिस्मथ आणि तांब्याचे सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवला. त्यातून मिळणारा दाब स्थिर होता, आणि मग नियम उघड झाला.

बापूंनी मेन स्विच पाडून भिंतीतला डबा उघडला. आत बोटाच्या पेराएवढा जोड, काळा पडलेला, टेप वितळून चिकटलेली. बोर्डाकडून येणारी तार ॲल्युमिनियमची, पुढची तांब्याची, दोन्ही नुसत्या पिळून बसवलेल्या. मेन पुन्हा चालू करून सुया जोडाच्या अलीकडे-पलीकडे धरल्या : सहा व्होल्ट. त्या एवढ्याशा जागेत ७५ वॉट. साठ वॉटचा जुना बल्ब जळताना हातात धरवत नाही, मग इथे काय होत असेल! उरलेले चार व्होल्ट तारेच्या लांबीभर विखुरलेले होते, त्यांचा तसा त्रास नव्हता. आणि फ्यूज गप्प राहिला यात नवल नाही. तो करंट वाढला तरच वितळतो. इथे तर जोडाने करंट कमीच केला होता. भिंत पेटली असती तरी फ्यूज बसल्या जागी राहिला असता.

"जोड कुणी मारला हा?" बापूंनी विचारलं.

अण्णांनी टेपकडे पाहिलं. गेल्या उन्हाळ्यात काउंटर सरकवला तेव्हा तार त्यांनीच वाढवली होती.

बापूंनी बोर्डापासून सॉकेटपर्यंत अडीचची तांब्याची सलग तार ओढली. बॉयलर चालू ठेवून पाहिलं, २२७ व्होल्ट. मजुरी देताना अण्णा हळू आवाजात म्हणाले, "बापू, हे आपल्यातच राहू द्या."

पोरीने कागद त्यांच्या हातात दिला. "अण्णा, बॉयलरवाल्या काकांची गोष्ट तुम्ही सगळ्यांना सांगितलीत ना?"

संध्याकाळी अण्णा राहिलेले पैसे घेऊन दुकानात गेले. मित्राने नोटा मोजल्या, गल्ल्यात टाकल्या.

"पैसे पोचले गड्या. पण माझं नाव तू तुझ्या हॉटेलात घालवलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गर्दीत अण्णांनी कागद काउंटरवर ठेवला आणि आकडे मोठ्याने वाचून दाखवले. दहा व्होल्ट, सव्वाशे वॉट, आणि जोड स्वतःचा होता हेही. ऐकणाऱ्यांत रसवंतीवाला होता. तो अर्धा चहा तसाच ठेवून बापूंचा नंबर मागू लागला. त्याचाही बल्ब चरक लावला की मंदावत होता.