विस्तवाजवळचे स्थान

नाताळच्या सुट्टीत चर्चच्या तरुण संघातर्फे दरवर्षी भरवला जाणारा बार्बेक्यू हा करमणुकीचा मामला असून त्यात चिंतनास योग्य असे काही नाही, असे मत आमच्याच मंडळीतील काही विचारी गृहस्थ वारंवार व्यक्त करतात. आणि ज्याच्याकडे त्या संघाचा कारभार आहे अशा माझ्यासारख्या माणसाने त्या मताचा आदर राखूनही ते स्वीकारू नये, याला माझ्या दृष्टीने सबळ कारण आहे. पहिल्या शतकात पौलाने करिंथ येथील मंडळीला जे पहिले पत्र लिहिले, त्याच्या अकराव्या अध्यायातील कठोर कानउघाडणी धर्मसिद्धान्तावरून झालेली नाही, ती जेवणावरून झाली आहे. एकत्र जमल्यावर एक जण आपले अन्न आधीच खाऊन मोकळा होतो आणि दुसरा उपाशी राहतो, हा त्याचा आक्षेप. मजूर आणि दास यांना कामावरून सुटण्यास उशीर होत असावा, असे अनेक अभ्यासक त्यावरून अनुमान काढतात. पौलाने दिलेला हुकूम अगदी साधा आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना पंक्तीचा प्रश्न नवा नाही. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला ठाणे दिल्यापासून पुढच्या दोन-तीन पिढ्यांत ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांत महार-मांग होते तसे ब्राह्मणही होते, आणि एका घागरीचे पाणी पिणे व एका पंक्तीस बसणे हीच त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी ठरली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. परंतु सोवळे-ओवळे मनातून जाण्यास किती काळ आणि किती क्लेश लागतात, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त ज्या निखळ प्रामाणिकपणे सांगितले आहे, तितके कोणत्याही धर्मोपदेशकाला सांगता आलेले नाही. तो वारसा घेऊन आमची काही कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने गुरुग्रामला आली.

येथील सिव्हिल लाइन्समधले चर्च ऑफ द एपिफनी १८६६ साली, इंग्रजी अंमलात उभे राहिले. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली मोटार येथील कारखान्यातून बाहेर पडली, आणि त्यानंतर या गावाचे जे झाले ते सर्वश्रुत आहे. आज येथील मंडळ्यांत मल्याळी परिचारिका, पंजाबी ख्रिस्ती घराणी, मिझो आणि नागा तरुण, मोठ्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांची मुले आणि त्याच अधिकाऱ्यांच्या सोसायट्यांत स्वयंपाक-पाणी करणाऱ्या झारखंडच्या उरांव आणि मुंडा मुली एका बाकावर बसून उपासना करतात. बाकावर एकत्र बसणे तुलनेने सोपे असते. अवघड असते ते ताटाशी.

गेल्या नाताळात बार्बेक्यूची वेळ सायंकाळी सहाची ठरली होती. अंधार पडला, थंडी वाढली, दह्यात मुरवलेले कोंबडीचे तुकडे आणि पनीर सळयांवर ओवून तयार झाले, तरी सेक्टरमधल्या घरांत कामाला असलेल्या मुलींचा पत्ता नव्हता. मालकांकडे पाहुणे आले की त्यांची सुटका लांबते. त्या येईपर्यंत सळई विस्तवावर चढणार नाही, असे मी जाहीर केले, तेव्हा उमटलेली कुजबुज मला स्पष्ट ऐकू आली, आणि भुकेल्या तरुणांची ती नाराजी स्वाभाविकही होती. आठ वाजून गेल्यावर त्या आल्या. त्यांतल्या एकीने शाल खांद्यामागे टाकली, माझ्या हातातला पुठ्ठा घेतला, निखाऱ्यांना वारा घालता घालता मला बाजूला सरायला सांगितले, आणि “भैया, अब आप बैठिए” असे म्हणून सळया स्वतः फिरवू लागली. दिवसभर परक्यांसाठी रांधून आलेल्या मुलीने येथेही रांधावे हे मला रुचेना. मी पुठ्ठा परत मागितला, तिने तो दिला नाही, आणि अखेरीस कंपनीतल्या एका मोठ्या अधिकाऱ्याचा मुलगा तिच्यासाठी ताट वाढून घेऊन आला. पहिला घास तिने शेगडीपाशी उभ्यानेच खाल्ला.

कोळशाचा एक गुण येथे सांगितलाच पाहिजे. ज्वाळा ओसरून निखाऱ्यावर राखेचा पांढरा थर चढेपर्यंत त्यावर काही ठेवता येत नाही, ठेवल्यास मांस वरून करपते आणि आत कच्चे राहते. त्या अर्ध्या तासाच्या सक्तीच्या अवकाशात दोघे-तिघे विस्तवाकडे पाहत उभे राहतात, आणि समोरासमोर बसवून विचारले असता जे तरुण कधी सांगणार नाहीत, ते नोकरी सुटल्याचे, परीक्षेचे, घरातल्या भांडणाचे दुःख निखाऱ्यांकडे पाहत सहज सांगून जातात. हिवाळ्यात या प्रदेशाची हवा बिघडली की हॉटेलांतल्या कोळशाच्या तंदुरांवरही निर्बंध येतात, आणि अशा वर्षी आम्हीही विजेची शेगडी लावतो, ते योग्यच आहे. पण तो अर्धा तास तेव्हा आम्हाला मिळत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र आपल्या गुरूला नाकारतो तो कोळशाच्या विस्तवाशी शेकत असताना. आणि पुनरुत्थानानंतर सरोवराकाठी तोच गुरू कोळशाच्या विस्तवावर मासे भाजून, रात्रभर जाळे ओढून दमलेल्या त्याच पेत्राला आधी न्याहारी करायला बोलावतो. प्रश्न त्यानंतर येतात, आणि त्यांचा शेवट मेंढरांना चारण्याच्या आज्ञेत होतो. गुरुग्रामात या क्रमाचे महत्त्व मला अधिक जाणवते, कारण हे गाव पांडवांनी द्रोणाचार्यांना इनाम दिले अशी आख्यायिका आहे, आणि येथून जवळच खांडसा येथे त्याच द्रोणाचार्यांनी मागितलेला अंगठा देणाऱ्या एकलव्याचे मंदिर आहे. तरुणांकडून आधी काहीतरी मागून घेणारे आपल्याभोवती पुष्कळ आहेत: परीक्षा गुण मागते, कंपनी रात्री मागते, आणि चर्चदेखील उपस्थिती मागते. वर्षातून एक संध्याकाळ तरी त्यांना कोणीही काही न मागता जेवू घालावे. म्हणूनच या प्रसंगी प्रवचन ठेवण्याची सूचना मी मानलेली नाही.

तरुणांनी आपले हिंदू आणि शीख मित्र सोबत का आणावेत, असेही काही पालक विचारतात. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठी होता. या प्रश्नाचे उत्तर मराठी ख्रिस्ती समाजाने शंभर वर्षांपूर्वीच दिले आहे, असे मी समजतो.

यंदा ज्या मंडळ्यांचे तरुण संघ असे भोजन योजीत असतील, त्यांच्या पुढाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: निमंत्रणपत्रिकेवर वेळ छापण्यापूर्वी, घरकामाला जाणाऱ्या मुलींना त्या किती वाजता सुटतात, हे अगोदर विचारून घ्यावे.