मागे राहिलेल्याची पात

आमच्या भागातून महाशिवरात्रीला मोठ्या महादेवाला जायची रीत जुनी. मोठा महादेव म्हणजे पचमढीजवळचं चौरागड, सातपुड्यातलं तेराशे मीटरच्या वरचं शिखर. नवस फेडायचा तर खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढायचं.

वाटा दोन. पचमढीकडून गेलं तर बरंच अंतर गाडी जाते, मग तेराशेच्या आसपास पायऱ्या. दुसरी छिंदवाड्याकडची. आम्ही भिवापूरहून नॅरोगेजनं इतवारी, तिथून दुसऱ्या नॅरोगेजनं छिंदवाडा गाठायचो. मग जुन्नारदेवच्या ‘पहिली पायरी’ला नारळ फोडून, भुराभगतावरून रानातल्या वाटेनं पायी. पायऱ्यांनी येणाऱ्यांना आम्ही हसायचो. आयतं पुण्य कुठं मिळते काय, म्हणायचो.

एका वर्षी आमच्यात गावातले एक म्हातारे होते. मी त्यांना मामा म्हणायचो. नातवासाठी नवस बोलले होते. चढणीवर त्यांचे पाय सुजले. एका नाल्याकाठी ते बसलेच. म्हणाले, ‘‘भाच्या, माहा त्रिशूळ घेऊन जाय तू. मी येतो मांगून.’’

शिवरात्रीच्या दिवशीच वर पोचायचं होतं. मी दोन त्रिशूळ घेऊन निघालो. मामा काही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी उतरताना ते त्याच नाल्याकाठी दिसले. रात्रभर एकटे होते. मला वाटलं, रागावतील. पण त्यांनी विचारलं, ‘‘बरोबर लावला ना रे त्रिशूळ?’’ आणि मी दर्शन घेऊन आलो म्हणून वाकून माझ्या पायाला हात लावला. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस.

नवस पोचला, माणूस राहिला. मग तो नवस फिटला का? आणि माझं ते पायी चालणं कोणत्या खात्यात धरायचं?

आमच्याकडं मिरचीच्या तोड्याला ज्या बाईची पात आधी संपते, ती सरळ बांधावर जाऊन बसत नाही. मागे राहिलेलीच्या पातीला समोरून हात लावते. कोणी सांगावं लागत नाही. हे मी लहानपणापासून पाहत आलो, आणि डोंगरावर नेमकं विसरलो. वाट अवघड होती, त्याचाच मला माज चढला होता.

सातपुड्याचं सगळ्यात उंच शिखर धूपगड. तिथं तर वरपर्यंत गाडी जाते. कळसूबाईला लोखंडी शिड्या लावल्या. म्हणून तिथं जाणाऱ्याचं पुण्य कमी, असं आता माझ्यानं म्हणवत नाही. शिडी असती तर मामाही वर पोचले असते. पण शिडीवरही मागच्याला ढकलून चढणारे असतातच.

आता माझेच गुडघे गेले. मागच्या खेपेला पायऱ्यांनीच गेलो. नातू दर दहा पायऱ्यांवर थांबे. म्हणे, ‘‘बसा आबा, महादेव कुठं पळून चालला?’’ आम्ही पोचलो तेव्हा आरती होऊन गेली होती.

वर त्रिशुळांचा ढीग असतो. त्यात मामाचा कोणता ते मला ओळखू येणं शक्य नव्हतं. तरी मी शोधत होतो.