झाकली मूठ

आमच्या आजोबांना बैलाची पारख होती, वडिलांना माणसाची होती. माझ्या वाट्याला दोन्हींपैकी काहीच आलं नाही, म्हणून मी शिक्षक झालो. अशा माणसानं म्हातारपणी जुनी डिझेल पिकअप विकायला काढू नये. पण पुतण्या पुण्याला आणि त्याची पिकअप माकणीला, अशी वाटणी झाल्यावर काका मध्ये येणारच.

पिकअप आमच्याकडे घरटी नसली तरी गल्लीला एक असतेच. कोथिंबीर, दुधाचे कॅन, शेळ्या, लग्नातली कपाटं असं सगळं तिच्यातून जातं. परंतु त्या सगळ्या क्लचवाल्या. पुतण्यानं एका कंत्राटदाराकडून जुनी घेतलेली ही गाडी मात्र ऑटोमॅटिक होती. गिअर आपले आपण बदलायची. ती प्रथम पारावर आली तेव्हा निम्मं गाव आत डोकावून गेलं.

"क्लच कुठंय?"

"नसतो हिला."

"मग डाव्या पायानं काय करायचं?"

"काही नाही. नुसता ठेवायचा."

"मग डायवरला पगार बी निम्माच द्या की!"

वर्षभरात पुतण्याचा धंदा बदलला, हप्ते जड झाले, आणि एका रात्री फोन आला. "काका, गाडी तुम्हीच विका. तुमच्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे." हे वाक्य ऐकून मी फुलून गेलो. त्यात गाडीपेक्षा माझा शब्दच विकायला निघाला आहे हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. सास्तूरकडचा एक दूधवाला, माझाच जुना विद्यार्थी. गणितात कच्चा होता, पण आता तो महिन्याचा जेवढा हिशोब करतो तेवढा मी हयातीत केला नाही. तो येण्याआधी गाडी एकदा दाखवून आणावी म्हणून मी ती उमरग्याला, हायवेवरच्या एका मिस्त्रीकडे पाठवली आणि मागून स्वतःही गेलो. मिस्त्रीनं गाडी फिरवून आणली, कान लावला, आणि म्हणाला, "गुर्जी, इंजन एक नंबर हाय. पण गार असताना दुसऱ्यातनं तिसऱ्यात जाताना बारीक झटका देती. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललंय?"

पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, त्यात लाइफटाइम तेल असतं. बदलायचं नसतं." मिस्त्री हसला. "लाइफटाइम म्हंजी कुणाचं लाइफ? तेलाचं, गाडीचं का वारंटीचं?" गाडी १,२०,००० किलोमीटर पळाली होती. एवढ्या प्रवासात माणसाचे विचारसुद्धा एकदा बदलतात.

"मग बदलू या," मी म्हणालो.

"आजिबात हात लावू नका!" मिस्त्री ओरडलाच.

मग त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. साध्या गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल फक्त दाते झिजू नयेत म्हणून असतं. ऑटोमॅटिकमध्ये तेल हाच कामगार. इंजिनाच्या बाजूला एक पंखा, गिअरच्या बाजूला दुसरा. पहिला फिरला की तेल ढकललं जातं आणि त्या तेलाच्या रेट्यानं दुसरा फिरतो. आत क्लचच्या चकत्याही असतातच, फक्त त्या पायानं नव्हे, तेलाच्या दाबानं आवळल्या जातात. त्यामुळं हे तेल फार नखरेल. नुसतं बुळबुळीत असून भागत नाही, जिथं धरायचं तिथं धरावंही लागतं. हा गुण यावा म्हणून एके काळी अमेरिकेत त्यात स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल मिसळत. १९७० साली तो मासा धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला, तेव्हा कारखानदारांना दुसरी रसायनं शोधावी लागली. तोवर गाडी हाकणाऱ्या किती जणांना आपल्या पायाखाली देवमासा आहे हे ठाऊक असेल? गाडी चालत होती ना, मग कोण विचारतो!

मिस्त्रीचा सिद्धांत असा, की वर्षानुवर्षं न बदललेल्या तेलात चकत्यांची झीज भुकटी होऊन मिसळलेली असते. त्या भुकटीमुळंच गुळगुळीत झालेल्या चकत्या एकमेकींना कशाबशा धरून असतात. नवं स्वच्छ तेल घातलं की ती धरही जाते आणि गाडी घसरायला लागते. म्हणजे घाणीवरच संसार चालला आहे, धुतला की मोडेल!

हा सिद्धांत मला तत्काळ पटला. डॉक्टरांनी दिलेली रक्तातल्या साखरेच्या तपासणीची चिठ्ठी मी चार महिने पंचांगात घालून ठेवली होती, ती याच सिद्धांतावर. तपासली नाही तोवर साखर नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! पुढं दुसऱ्या एका जाणत्यानं सांगितलं, की तेल बदलल्यामुळं गिअरबॉक्स जातो ही बहुतेक वेळा गैरसमजूत असते. लोक तेल बदलतात तेच मुळी गाडी घसरायला लागल्यावर. शेवटच्या घटकेला डॉक्टर बोलवायचा आणि मग म्हणायचं, डॉक्टर आला अन् माणूस गेला.

पण त्या दिवशी माझ्यापुढं प्रश्न तेलाचा नव्हताच. गाडी माझ्याकडं राहणार असती तर 'बघू पुढं' म्हणून सोडून दिलं असतं. गाडी विकायची होती. तेल बदललं आणि गाडी घसरली, तर मूठ उघडणार. न बदलता विकली आणि नंतर घसरली, तर मूठ दुसऱ्याच्या हातात उघडणार. खोटं एक अक्षर बोलायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं हे काय पाप आहे? वर्गात अडतीस वर्षं मी पोरांना त्यासाठीच तर शाबासकी देत आलो.

आजोबांच्या काळी बरं होतं. बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचा. भाव झाकलेला, पण बैल उघडा. दात मोजा, खूर बघा, चालवून बघा. इथं सगळं उलटं. भाव मोबाईलवर जगजाहीर आणि बैल पेटीत बंद. दात गिअरलाही असतात, पण मोजायला तोंड कोण उघडणार?

ओळखीच्या वकिलांना विचारलं. त्यांनी १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याचं सतरावं कलम काढून दाखवलं. मोठी गोड गोष्ट निघाली. कायद्यात चक्क एक घोडा आहे! एकानं दुसऱ्याला लिलावात घोडा विकला. घोड्यात खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत, पण तो काहीच बोलला नाही. कायदा म्हणतो, ही लबाडी नव्हे. मी सुटकेचा श्वास सोडला. घोड्याला जे लागू ते अश्वशक्तीला लागू! "थांबा," वकील म्हणाले, "पुढची दोन उदाहरणंही आहेत. घेणारी जर विकणाऱ्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळं सांगणं भाग आहे. आणि घेणारा जर म्हणाला, की तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा चांगलाच समजतो, तर मग गप्प बसणं हे बोलण्यासारखंच."

विद्यार्थी मुलीच्या जागी धरायचा की लिलावातल्या परक्याच्या, यावर कायदा मूग गिळून आहे.

ही कटकट नवी नाही. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमच्या सिसेरोनं अथेन्सला शिकायला ठेवलेल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक घर विकायला निघालं आहे. लाकूडफाटा कच्चा आणि झोपायच्या खोल्यांतून साप निघतात, पण हे मालकाशिवाय कुणालाच माहीत नाही. मालकानं सांगावं का? डायोजेनिस नावाचा गुरू म्हणतो, घ्यायची सक्ती कुणी केली? न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट. सिसेरोनं कौल दिला तो शिष्याच्या बाजूनं. घरातल्या सापाचा विषय निघाल्यावर मराठवाड्याच्या माणसाला दुसरी बाजू घेताच येत नाही.

तरीही मन एक पळवाट धरून होतं. आजवर काही झालं नाही ना? १,२०,००० किलोमीटर गेली ना? मग पुढंही जाईल. हे वाक्य मनात आलं आणि मी जरा थबकलो. आमच्या भागात हे वाक्य फार जपून बोलावं लागतं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी होती. उभी होती म्हणूनच ती मजबूत समजायची. १९९२ साली किल्लारीकडं जमीन थोडी थोडी हलली, तेव्हाही घरं उभीच राहिली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चार वाजायच्या आत काय झालं ते सांगायला नको. पडेपर्यंत प्रत्येक भिंत चांगलीच होती. गिअरबॉक्स आणि घर यांची तुलना नाही, मला कळतं. पण 'चाललंय ना' हे कारण नसतं, ती नुसती तारीख असते, एवढं मात्र त्या पहाटेनं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थी आला. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली, पाया पडला आणि म्हणाला, "गुर्जी, मला यातलं काय बी कळत न्हाई. बैलजोडी इकलीय, सोयाबीनचं आलेलं पैसं घातल्यात. तुमी काय बोलला न्हाईत तर गाडी चांगली हाय असं समजतो बगा."

मी गार! त्यानं कायदा वाचलेला नव्हता, पण घोड्याचं तिसरं उदाहरण तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. माझ्या वर्गात त्याला एक कविता धड म्हणता आली नाही.

"चल उमरग्याला," मी म्हणालो. "तेल तुझ्यासमोर बदलू. मग ठरव."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला, पण काम नीट केलं. गाडी सपाट जागी घेतली. आधी तेल घालायचा बोल्ट उघडून बघितला, मग खालचा. "घालायची वाट उघडती का बघावं, मग काढायची उघडावी," तो म्हणाला. संसारी माणसानं लिहून ठेवावं असं वाक्य. खाली बादली लावली. हे तेल मुळात लाल असतं, सांडलं तर इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून. आमचं काळ्या चहासारखं आलं. मोजून चार लिटर. मग तळाचं ताट खोललं. त्यात लोहचुंबक असतात, त्यांच्यावर करडा लेप बसला होता. मिस्त्रीनं तो बोटानं चोळून बघितला. आम्ही दोघं श्वास धरून. "बारीक हाय. तुकडा न्हाई. तुकडा असता तर संपलं होतं." नवं तेल पंपानं तेवढंच मोजून भरलं, इंजिन चालू करून एकेक गिअर फिरवला, गरम झाल्यावर पातळी बघितली.

"झालं साफ?" मी विचारलं.

"निम्मं. बाकीचं जुनं त्या पंख्यात अडकलेलं ऱ्हातंय. महिन्यानं परत काढायचं, मग परत. एका दमात कुणी साफ हुत न्हाई, गुर्जी."

हे तो गाडीबद्दल बोलत होता अशी माझी समजूत आहे.

गाडी गेली. झटका किंचित उरला होता, त्यासाठी विद्यार्थ्यानं पंधरा हजार कमी केले. खरं बोलण्याला किंमत असते असं मी पोरांना शिकवत असे. ती किती असते ते त्यानं मला शिकवलं. पुतण्या आठ दिवस फोनवर बोलला नाही.

आणि मला झोप लागली म्हणता? मुळीच नाही. पहाटे फोन वाजला की गिअरबॉक्स गेला असंच वाटे. समजा गेला असता, तर मी केलं ते चूक ठरलं असतं का? आणि न सांगता विकून गाडी दहा वर्षं चालली असती, तर ते बरोबर ठरलं असतं का? पुष्कळ विचार केला. गिअरबॉक्स टिकणं न टिकणं हा चकत्यांचा प्रश्न. माझा प्रश्न त्या बादलीपाशी दोघंही सारखंच बघत होतो का, एवढाच होता. तेवढ्यापुरता तो सुटला. धास्ती राहिली, पण ती दोघांत निम्मी झाली.

महिन्यानं त्याचा फोन आला. दुसऱ्यांदा तेल बदललं होतं, या खेपेला तांबूस निघालं म्हणे. ही बातमी मी मोठ्या रुबाबात घरात सांगितली. सिसेरो सांगितला, अँटिपेटर सांगितला, झाकली मूठ उघडण्यात केवढा पुरुषार्थ आहे यावर दहा मिनिटं बोललो.

मंडळींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आत जाऊन पंचांग आणलं आणि माझ्यापुढं उघडून ठेवलं. चिठ्ठी जागेवरच होती.

"गाडीचं तेल बघून झालं असेल," त्या म्हणाल्या, "तर आता तुमचंही काढू या."