बालद्रव्य हेच देवद्रव्य

धर्मापुरीस सप्ताहातील कीर्तन आटोपले आणि आम्ही केदारेश्वराच्या दर्शनास निघालो. मागून एक गृहस्थ येत होते. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, वय सत्तरीच्या पुढचे. देवळाच्या ओट्यापाशी येईतो ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "महाराज, एक इचारायचंय. चारचौघांत इचारता येत न्हाई."

आम्ही बसलो, तेही बसले. त्यांची बहीण किल्लारीकडच्या एका गावी दिलेली होती. भूकंपात ती, तिचा नवरा आणि धाकटी मुलगी दगडाखाली गेली. सहा वर्षांचा मुलगा तेवढा वाचला. हे मामा तिसऱ्या दिवशी तिथे पोचले आणि भाच्याला खांद्यावर घेऊन धर्मापुरीस आले. आपल्या मुलांबरोबर त्याला वाढवले, एका ताटात जेवू घातले, पुढे त्याचे लग्नही करून दिले. मात्र मृतांच्या वारसाला मिळालेली सरकारी मदत भाच्याच्या नावाने बँकेत होती आणि पालक म्हणून सही मामांची होती. एका दुष्काळी वर्षी त्यांनी ते पैसे काढले आणि आपल्या शेतात विहीर खणली.

"पाणी लागलं महाराज. त्या पाण्यावर त्याचंबी पोट भरलं. पर हीर माझ्या रानात हाय. त्यानं एकदाबी पैसं मागितलं न्हाईत. मागितलं असतं तर भांडलो असतो. मागत न्हाई, म्हणून झोप लागत न्हाई. सांगा, पाप झालं का पुण्य?"

वाचकहो, याचे उत्तर त्या रात्री आम्ही दिले नाही. 'लेकराला वाढवलेस, पुण्य थोर आहे, स्वस्थ झोप' असे म्हणणे सोपे होते. 'अनाथाचे धन खाल्लेस' असे म्हणणे त्याहूनही सोपे होते. पहिल्याने म्हाताऱ्याचे समाधान झाले असते आणि दुसऱ्याने आमचे. प्रश्न होता तेथेच राहिला असता. म्हणून थोडे मागे जाऊन विचार करू.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणपती विसर्जन करून माणसे थकून झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. लातूर जिल्ह्यातील औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांत गावेच्या गावे बसली. किल्लारी आणि सास्तूर ही नावे त्या दिवसापासून साऱ्या देशाला कळली. सरकारी हिशेबाने आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. भूकंपाची तीव्रता सव्वासहाच्या आसपास होती. इतर ठिकाणी एवढ्या धक्क्यात एवढी माणसे मरत नाहीत. येथे मारले ते घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद दगडी भिंती, पण दगड मातीत नुसते रचलेले. भिंतीचा आतला पदर निराळा, बाहेरचा निराळा, आणि दोहोंना बांधून धरणारा आरपार दगड नाही. वरती माळवदाच्या मातीचा भार. धक्का बसताच दोन्ही पदर फाकले आणि माळवद खाली आले. जे घर उन्हापावसातून राखायचे तेच अंगावर पडले. हा दृष्टांत ध्यानात असू द्यावा. पुढे त्याचे काम आहे.

दुसऱ्याचा न्याय करण्याआधी आपला हिशेब द्यावा, हे बरे. भूकंपानंतर काही दिवसांनी पत्र्याच्या शेडांच्या एका वस्तीत आमचे कीर्तन झाले. वय तेव्हा तिशीचे, पाठशाळेत शिकलेले शास्त्र ओठांवर ताजे. आम्ही प्रारब्ध सांगितले, कर्मविपाक सांगितला, पूर्वजन्मीचे फळ कोणास चुकत नाही असे मोठ्या आवाजात सांगितले. पुढच्या रांगेतला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा मध्येच उठून गेला. कीर्तनानंतर त्याची आजी आली आणि म्हणाली, "महाराज, लेकरू इचारतंय, तान्ह्या बहिणीनं कोणतं पाप केलं व्हतं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. पण तेव्हा जे बोलायला नको होते ते बोललो, एवढे आज कळते.

१९३४ साली बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा महात्मा गांधी त्याला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हणाले. अस्पृश्यता पाप आहे यात रवींद्रनाथ ठाकुरांना शंका नव्हती, तरी या म्हणण्याला त्यांनी उघड विरोध केला. गांधीजींसारख्या सत्पुरुषाचे बोलणेही येथे ढिगाऱ्याखालच्या बालकापाशी येऊन अडते. भगवंतांनीच गीतेत कर्माची गती गहन म्हटली आहे. जी गती गहन, तिचा निकाल आपण मांडवात बसून कसा लावावा? प्रारब्धाचा विचार माणसाने स्वतःच्या दुःखापुरता करावा, त्याने धीर येतो. तोच विचार दुसऱ्याच्या लेकरावर लादला की तो दगड होतो. घराचे दगड अंगावरून काढले गेले, आणि आम्ही शब्दांचा एक वर ठेवला. अनाथ बालकाच्या रक्षणाचा पहिला नियम तेव्हा हाच, की त्याच्या दुःखाचा दोष त्याच्या माथी येऊ देऊ नये.

आणि हे आम्हां वारकऱ्यांना कोणी शिकवावे? आपल्या संप्रदायाचा पाया कोणी घातला? चार पोरक्या भावंडांनी. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई उघड्यावर पडली. त्या काळच्या विद्वानांनी त्यांना नियम दाखवला, जेवणाचे पान कोणी मांडले नाही. मुले शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली, ही कथा आपण प्रत्येक सप्ताहात सांगतो, रेड्याचा चमत्कार आला की टाळ्याही पडतात. त्या टाळ्यांत एक गोष्ट निसटते: चमत्कार करावा लागेपर्यंत त्या मुलांवर कोणाची माया जडली नव्हती. त्यांना तगवले ते त्यांनीच एकमेकांना. लोकांच्या बोलण्याने खिन्न होऊन ज्ञानदेव ताटी लावून बसले, तेव्हा समजावायला आली ती सर्वांत धाकटी मुक्ताई. यावरून दुसरा नियम निघतो, की भावंडांना वेगळे करू नये. एक या काकाकडे, एक त्या मावशीकडे, ही वाटणी वरून दयेची दिसते. पण उरलेल्या घरातला शेवटचा दगड ती काढून नेते.

आता मामांचा प्रश्न. मूल घरी आणले, येथे कर्तव्य संपते की सुरू होते?

आमच्या मते चूक एका शब्दात आहे: दया. अनाथ मुलाला वाढवणे ही दया मानली की पुढची सारी गणिते चुकतात. दया करणारा वरती, घेणारा खाली. मग इतकी वर्षे पोसले, त्यातून थोडे घेतले तर काय बिघडले, असा विचार आपोआप येतो. वास्तविक अनाथ मूल ही ठेव आहे. मरणाऱ्याने ती आपल्या ओट्यावर ठेवली आणि तो गेला. मागायला परत येणार नाही. मागणारा येणार नसतो, तेव्हाच ठेव राखणाऱ्याची परीक्षा असते.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी हे नीट ओळखले होते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बालकाच्या वारशाचे रक्षण, तो गुरूगृहाहून परते किंवा त्याचे बालपण सरेपर्यंत, राजावर सोपवले आहे. कौटिल्य तर गावातच येतो. तो सांगतो की बालकाचे द्रव्य गावातल्या वृद्धांनी सांभाळावे, आणि नुसते सांभाळू नये, वाढवावे, तो व्यवहाराला लागेपर्यंत. याच सूत्राला त्याने आणखी एक द्रव्य जोडले आहे: देवद्रव्य. सज्जनहो, हे दोन्ही एका ओळीत का बसले? कारण देव आणि बालक दोघेही आपल्या पैशाचा हिशेब मागायला उठत नाहीत. भंडाऱ्यातला एक रुपया घेताना आपला हात कापतो, गावकऱ्यांपुढे पैपैचा हिशेब वाचून दाखवतो. तोच हात पोरक्या भाच्याच्या पासबुकाकडे जाताना का कापू नये?

आजचा कायदाही हेच सांगतो. १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याप्रमाणे पालक हा विश्वस्त आहे. पाल्याच्या मालमत्तेतून त्याने स्वतःचा लाभ करून घ्यायचा नाही. १९५६चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा म्हणतो की मुलाला नुसते सांभाळतो म्हणून कोणास त्याच्या मालमत्तेचा व्यवहार करता येत नाही. शास्त्र आणि कायदा यांची एवढी एकवाक्यता क्वचित आढळते.

यावर पूर्वपक्ष असा येईल: "महाराज, घरात हिशेब आला की माया गेली. पोटच्या पोराशी कोणी वही ठेवतो काय?" आक्षेप वजनदार आहे. त्याला उत्तर गोकुळात सापडते. कृष्ण ही वसुदेवाची ठेव होती. नंद-यशोदेने मायेत काही कमी केले काय? भागवताच्या दशम स्कंधात भगवंताचाच अभिप्राय आहे की ज्या बालकांना आप्तांना सांभाळता आले नाही, त्यांना जे पोटच्यासारखे पोसतात तेच त्यांचे आईबाप. तरीही मथुरेचे बोलावणे आले तेव्हा नंद स्वतः बरोबर गेला, आणि परत आला तो कृष्णावाचून. पूर्ण माया आणि पूर्ण परतफेड, दोन्ही एका माणसाच्या ठायी नांदली. माया आणि हिशेब हे घराच्या भिंतीचे दोन पदर आहेत. त्यांना बांधणारा आरपार दगड म्हणजे सत्य. तो नसला तर घर वर्षानुवर्षे उभे दिसते; धक्का बसला की कळते.

किल्लारीनंतर अशी ठेव राखणारेही पुष्कळ निघाले. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने 'आपलं घर' उभे राहिले. जगातही हेच दिसते. २०२३च्या फेब्रुवारीत तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. सीरियात ढिगाऱ्याखाली जन्मलेली एक मुलगी जिवंत सापडली, आई गेलेली. तिला दत्तक घेण्याची तयारी जगभरातील हजारोंनी दाखवली. मुलगी गेली आत्याच्या घरी. हजारोंचे प्रेम खोटे नव्हते, पण आधी रक्ताची माणसे शोधावी, त्यांची पारख करावी, ही रीत योग्य होती.

म्हणून आपल्या फडांना आणि सप्ताहाच्या मंडळींना आमचे सांगणे आहे. संकटात एकटे मूल सापडले तर कोणी 'मी नेतो' म्हटले म्हणून त्याच्या हाती देऊ नये, मग त्याच्या गळ्यात माळ का असेना. १०९८ या क्रमांकावर कळवावे. चोवीस तासांच्या आत पोलिसांना किंवा बालकल्याण समितीला वर्दी देणे हे २०१५च्या कायद्याने बंधनकारकच आहे. मुलाला मंचावर उभे करून त्याच्या दुःखावर वर्गणी गोळा करू नये. पोरकी मुलगी म्हणजे जबाबदारी, ती लवकर उजवावी, हा विचार मनाला शिवू देऊ नये. तिलाही अठरा वर्षे पुरी होऊ द्यावी आणि शाळेत ठेवावे. आणि मुलाच्या नावाचे जे असेल त्याची वही ठेवावी, त्याला समजू लागले की ती त्याच्या पुढ्यात उघडावी.

दुसऱ्या दिवशी काल्यानंतर आम्ही मामांना म्हणालो, "पोसल्याचे पुण्य पुण्याच्या खाती, घेतल्याचे ऋण ऋणाच्या खाती. एकातून दुसरे वजा होत नाही. आम्हांला विचारू नका, भाच्याला सांगा."

पुढे आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटी ते भेटले. बरोबर चाळिशीकडे झुकलेला भाचा होता. मामांनी त्याला आकड्यासकट सारे सांगितले होते आणि विहिरीलगतचा अर्धा एकर त्याच्या नावे करून देण्याचे ठरवले होते. आम्ही भाच्याला विचारले, "तुम्हांला ठाऊक नव्हते काय?"

तो म्हणाला, "ठाऊक व्हतं महाराज. दहावीला असतानाच कळलं. रानाचं काय, मामानं दिलं न दिलं तरी चाललं असतं. पर मामा सांगत्याल का, एवढीच वाट बघत व्हतो."

पंचवीस वर्षे एक मूल एका घरात जेवत होते आणि एका वाक्याची वाट पाहत होते. आपल्या घरात असे कोणी वाट पाहत बसले नाही ना, एवढे प्रत्येकाने आज दिवा लावताना पाहावे.

रामकृष्णहरि.